रॉडच्या रॅपवर इपॉक्सी कशी मारायची, तीही मुंबईच्या पावसाळ्यात

पावसाळ्यात समुद्र बंद, म्हणून ज्याला त्याला जुलैतच मासेमारीचा रॉड बांधायचा असतो, आणि नारळी पौर्णिमा झाली रे झाली की बँडस्टँडच्या नाहीतर मढच्या खडकांवर नवीन रॉड घेऊन उभं राहायचं असतं. बांधा की. फक्त वर्षातल्या सगळ्यात घाण हवेत आपण इपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर मिसळून दोऱ्यावर चढवायचा, सुकून कडक होणारा थर) मारतोय एवढं डोक्यात ठेवा, कारण जे व्हिडिओ बघून आपण शिकतो ते बहुतेक कोरड्या थंड हवेतल्या गॅरेजमधले असतात आणि त्यातलं निम्मं इथे चालत नाही.

वाइंडिंग झालंय, म्हणजे गाइड (ज्यातून लाइन जाते त्या कड्या) ब्लँकवर, रॉडच्या नुसत्या काठीवर, दोऱ्याचे वेढे देऊन बांधून झाल्यात (हे वेढे म्हणजेच रॅप), गाइड एका रेषेत आहेत, दोऱ्याची टोकं नीट कापली आहेत असं धरून चालतो. दोऱ्याला रंग टिकवणारं कलर प्रिझर्व्हर लावायचं की नाही ते आधी ठरवा, नाही लावलं तर साधा नायलॉन दोरा इपॉक्सी पिऊन गडद आणि आरपार दिसायला लागतो, मग खालचा गाइडचा पाय दिसतो म्हणून रडू नका. इपॉक्सी ओघळू नये म्हणून रॉड सतत फिरवायला मायक्रोवेव्हच्या थाळीची मोटर चालते, लॅमिंग्टन रोडला मिळते, मिनिटाला पाच-सहा फेरे, पण घेताना वरचं व्होल्टेज वाचा, काही कमी व्होल्टेजच्या असतात आणि त्या थेट बोर्डाला लावल्या की संपल्या. चालू केल्यावर ती कधी उजवीकडे फिरते कधी डावीकडे, त्याने काही फरक पडत नाही. रॅपवरून आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक हात फिरवा, वाळू द्या, आणि त्यानंतर उघड्या बोटाने दोऱ्याला शिवायचं नाही. बोटाचं तेल लागलं की त्या जागी इपॉक्सी फाकते, मध्ये खळगा पडतो आणि वरून कितीही थापा, तो भरत नाही.

आता माप. बहुतेक रॉड इपॉक्सीचं प्रमाण एकास एक असतं आणि ते आकारमानाने, वजनाने नाही. रेझिन हार्डनरपेक्षा जड असतं, त्यामुळे किचनच्या काट्यावर सारखं वजन घेतलंत की प्रमाण चुकलंच. केमिस्टकडून बिनसुईच्या दोन सिरिंज आणा, एकीवर मार्करने खूण करा, अदलाबदल करू नका. दोन्हीचे निदान तीन-तीन मिली घ्या. अर्धं वाया जाईल, जाऊ दे, एकेक मिली घेतलं तर सिरिंजमधला एक बुडबुडासुद्धा प्रमाण बिघडवायला पुरतो. आणि एक, कोळीवाड्यात फायबरच्या होड्यांचं काम करणारा कुणीतरी काका हमखास सांगतो की पावसाळा आहे, हार्डनर थोडं जास्त टाक, लवकर सुकेल. त्याचं त्याच्या कामात बरोबर आहे, होडीच्या पॉलिएस्टर रेझिनमध्ये जे टाकतात ते रिअ‍ॅक्शन पेटवायला टाकतात, कमी-जास्त केलं की वेग बदलतो. इपॉक्सीत हार्डनर स्वतःच रेझिनबरोबर एका जाळ्यात विणला जातो, जास्त झालेलं तसंच राहतं आणि रॉड कायमचा चिकट. काकांना मान द्या, सल्ला घेऊ नका.

ढवळताना घाई नाही. तीन-चार मिनिटं, सावकाश, गुळगुळीत स्टीलच्या काडीने, कपाच्या भिंती आणि तळ खरवडत. आइस्क्रीमची लाकडी काडी नको, लाकडातली हवा बुडबुडे होऊन बाहेर येते. मेणाचा थर असलेला कागदी कप नको. मग सगळं सपाट अ‍ॅल्युमिनियम फॉइलवर ओता. हे न करणारे लोक मला कळतच नाहीत. कपात गोळा असलेली इपॉक्सी स्वतःच्या उष्णतेने तापते आणि जितकी तापते तितकी लवकर घट्ट होते, फॉइलवर पातळ पसरली की उष्णता निघून जाते आणि बुडबुडेही आपोआप वर येऊन फुटतात. कपाला चिकटलेलं शेवटचं खरवडून घेऊ नका, न मिसळलेला माल तिथेच असतो.

आता खरी भानगड. ब्रश टेकल्यापासूनचा पहिला पाऊण तास. मलाही बराच काळ इथेच जमत नव्हतं आणि कारण इपॉक्सीत नव्हतं, हवेत होतं.

हवेत ओल असली की हार्डनरमधली अमाइन नावाची रसायनं ती ओल आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन वरती एक मेणचट, तेलकट पापुद्रा तयार करतात. कोट सुकलेला असतो पण चकाकी मेलेली, बोट फिरवलं तर ओशट लागतं. जुलैत खिडकी उघडी ठेवून मारलंत तर हे होण्याची पुरेपूर शक्यता. म्हणून एसी असलेल्या खोलीतच काम करा, तासभर आधी लावा, ड्राय मोड असेल तर उत्तम, पंचवीस-सव्वीसच्या आसपास ठेवा आणि हवेचा झोत रॉडवर येऊ देऊ नका. पंखा बंद, म्हणजे बंदच, पात्यावरची धूळ सरळ ओल्या कोटवर येते. एसी नसेल तर पाऊस थांबलेला दिवस बघा, आणि लक्षात ठेवा की तापमान दहा डिग्री वाढलं की हातात असलेला वेळ ढोबळमानाने निम्मा होतो. आणखी एक गोष्ट जी कुणी सांगत नाही: एसीत कोट मारून, घरात वास नको म्हणून रॉड रात्री गॅलरीत नेऊन ठेवायचा नाही. थंड ब्लँकवर बाहेरच्या हवेतलं पाणी लगेच बसतं, आणि ते नेमकं कच्च्या इपॉक्सीवर. रात्रभर रॉड त्याच खोलीत. घरच्यांशी काय बोलायचं ते तुमचं तुम्ही बघा.

आता ब्रश. मऊ, चपटा, सिंथेटिक केसांचा. आधी गाइडच्या पायाच्या दोन्ही बाजूंना दोऱ्याखाली जो पोकळ बोगदा राहतो तो भरा, टोकाकडून इपॉक्सी आत ढकला, दुसऱ्या टोकातून डोकावेपर्यंत. बहुतेक बुडबुडे इथलेच असतात, आणि हा बोगदा रिकामा राहिला तर पुढे त्यातून खारं पाणी आत शिरून गाइडचा पाय गंजतो. मग उरलेला रॅप, रॉड हळू फिरवत. कडेला दोरा संपल्यावर एक-दीड मिलिमीटर ब्लँकवर जायचं आणि तिथे ब्रश स्थिर धरून रॉड फिरू द्यायचा, ब्रश तुम्ही फिरवलात तर कड नागमोडी होणारच.

आणि पातळ लावा. पहिला कोट दोऱ्याने प्यायलेला दिसला पाहिजे, बस्स, दोऱ्याच्या रेषा दिसल्या तरी चालतील. एकाच कोटमध्ये काच करायला जातात ना, त्यांचे रॅप मध्ये फुगतात आणि पोट सुटतं. अ‍ॅसिटोन टाकून पातळ करायची आयडियाही सोडून द्या, ते नीट उडून गेलं नाही तर कोट मऊ राहतो.

पाच-दहा मिनिटं रॉड फिरू द्या आणि मग स्पिरिट लॅम्प. ज्योत रॅपच्या खाली चार-पाच सेंटिमीटरवर, एका जागी क्षणभरही न थांबता, सरकवत न्यायची. गरम झाली की इपॉक्सी पाण्यासारखी सैल होते, आतली हवा फुगून वर येते, बुडबुडे पटापट फुटतात. दुसऱ्यांदा जायचं तर मध्ये थोडं थांबून. एकाच जागी धरली तर ब्लँकमधलं रेझिनच तापतं, तो रॉड मग मोठ्या जिताड्यासमोर दगा देऊ शकतो. सिगारेटचा लायटर नको, मेणबत्ती नको, काजळी धरते आणि पांढऱ्या दोऱ्यावर ती आयुष्यभर दिसते. हेअर ड्रायर तर अजिबात नको, धूळही उडवतो आणि कोटवर लाटाही उठवतो. आणि ती फुंकर! कुणी स्ट्रॉने फुंकतं, कुणी तोंडाने. बुडबुडे फुटतात, खरंय, पण फुंकरीत ओल आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही भरलेले असतात, म्हणजे ज्याच्यासाठी एसी लावला तेच तुम्ही जवळून कोटवर सोडताय. स्पिरिटची ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही, तेव्हा बाटलीचं झाकण लावून ती लांब ठेवा आणि बाही वर करा.

यानंतर मोटर थांबवा. हो, थांबवा. रॉड आडवा स्थिर ठेवला की जादा इपॉक्सी काही सेकंदांत प्रत्येक रॅपच्या पोटाशी गोळा होते, कोरड्या ब्रशने तो थेंब अलगद टिपून फॉइलवर पुसायचा. अर्धा फेरा फिरवून पुन्हा. थेंब जमायला वेळ लागायला लागला म्हणजे आता योग्य तेवढीच उरलीये. मोटरच्या भरवशावर राहू नका, मोटर लागलेलं समान ठेवते, जास्त लागलेलं कमी करत नाही. फॉइलवरचा ब्रश उचलल्यावर एकतारी पाकासारखी तार सुटायला लागली की हात काढायचा. त्यानंतर दिसलेला बुडबुडा, धुळीचा कण, काहीही असो, बघायचं आणि गप्प बसायचं, तिथे ब्रश लावलात तर कणाचं गालबोट होईल.

मग मोटर पुन्हा लावून सहा तास फिरू द्या, चोवीस तास हात लावू नका.

दुसऱ्या दिवशी ओशट लागलं तर आधी पॉलिशपेपर घासू नका, तो पापुद्रा आत रगडला जाईल. कोमट पाणी, साधा साबण, मऊ फडकं, तो पाण्यात विरघळतो. वाळल्यावर कण असतील तर नव्या ब्लेडने अलगद छाटा, हलका पॉलिशपेपर फिरवा, अल्कोहोलने पुसा आणि दुसरा कोट, पहिल्यासारखाच, फक्त किंचित भरीव.

हातमोजे नायट्राइलचे, दर वेळी. हार्डनर वारंवार लागला की काही जणांना अ‍ॅलर्जी बसते आणि एकदा बसली की जात नाही. हाताला लागलंच तर थिनरने पुसू नका, साबणाने धुवा.

फॉइलवर उरलेली इपॉक्सी फेकू नका, रॉडऐवजी तिलाच नख लावून बघत जा. ती कडक झालीय आणि रॉड अजून चिकट आहे, तर त्या जागी कपाच्या कडेचा न मिसळलेला माल गेलाय. दोन दिवसांनी दोन्ही चिकट असतील तर माप चुकलंय. दोन्ही वेळी खरवडत बसू नका, नीट मापलेला नवा पातळ कोट वरून द्या, बहुतेक वेळा खालचा त्यात बंद होऊन जातो. आणि पाण्यावर न्यायच्या आधी आठवडाभर भिंतीला टेकवून नाही, आडवा ठेवा.