जुनं सुपरहिरो टीम-कॉमिक पुन्हा वाचायचं तर कडेच्या हिरोपासून सुरुवात करा

सुपरहिरोंच्या टीमचं जुनं कॉमिक हातात आलं की आपण आधी ओळखीचा चेहरा शोधतो. 'ऑल स्टार कॉमिक्स' वाचताना ही सवय बाजूला ठेवा. हे कॉमिक मुळात बिनओळखीच्या हिरोंच्याच जिवावर चाललं, आणि ते त्यांच्या बाजूनं वाचलं तरच त्याची खरी गोडी कळते.

त्याचं कारण टीमच्या एका नियमात आहे. 1940 च्या हिवाळ्यात निघालेल्या तिसऱ्या अंकात संपादक शेल्डन मेयर आणि लेखक गार्डनर फॉक्स यांनी आठ जणांना एका टेबलाभोवती बसवलं: फ्लॅश, ग्रीन लँटर्न, हॉकमन, डॉक्टर फेट, स्पेक्टर, सँडमॅन, अवरमॅन आणि अॅटम. टीमचं नाव जस्टिस सोसायटी ऑफ अमेरिका. सुपरहिरोंची ही पहिली टीम. नियम असा, की ज्याच्या स्वतःच्या नावाचं कॉमिक निघालं तो मानद सभासद होणार आणि टेबलावरची खुर्ची दुसऱ्याला मिळणार. सुपरमॅन आणि बॅटमॅन म्हणून तर पहिल्यापासून मानदच. फ्लॅशला स्वतःचं कॉमिक मिळालं आणि सहाव्या अंकानंतर तो गेला, सातव्यानंतर ग्रीन लँटर्न गेला. ते दोघे परत आले थेट 1945 मध्ये, चोविसाव्या अंकात. मधली सगळी वर्षं ज्यांनी ओढून नेली, त्यांची नावं आज बहुतेकांना सांगता येत नाहीत. हा लेख त्यांच्यासाठी.

मी कोल्हापुरात ऑफसेट प्रेसवर काम करतो. लहानपणी आमच्या गल्लीत मराठी इंद्रजाल कॉमिक्स हातोहात फिरायची. वेताळ, मँड्रेक, नंतर आबिद सुरतींचा बहादूर. अमेरिकन टीम-कॉमिक्स फार उशिरा वाचली, आणि वाचली तीही छपाईवाल्याच्या नजरेनं. म्हणून खाली जे सांगतोय त्यात गोष्टीइतकंच कागद आणि शाईबद्दलही येईल.

आधी अंक कुठून आणायचे ते बघू. 1940 चा मूळ अंक तेव्हा 10 सेंटला होता, आज तो लिलावाचा माल आहे. त्याच्या मागे लागू नका. डीसी कंपनीनं 1990 च्या दशकापासून 'ऑल स्टार कॉमिक्स आर्काइव्हज' नावाचे जाड पुठ्ठ्याचे खंड काढले. ते जुन्या पुस्तकांच्या ऑनलाइन विक्रेत्यांकडे अधूनमधून दिसतात. सगळे खंड घ्यायची ऐपत नसेल तर 2015 मध्ये निघालेला जस्टिस सोसायटीच्या 75 वर्षांचा निवडक खंड घ्या, एका पुस्तकात सगळा प्रवास दिसतो. रद्दीवाल्याकडे किंवा जुन्या पुस्तकांच्या दुकानात तिसऱ्या अंकाचं मुखपृष्ठ दिसलं तर लगेच हुरळू नका, खिशातून मोजपट्टी काढा. 1970 च्या दशकात डीसीनं त्या अंकाची मोठ्या आकाराची प्रतिकृती छापली होती. तिची उंची साडेतेरा इंचांच्या आसपास भरते, मूळ अंक साडेदहा इंचांचा होता. बाहेरचं आवरण काढून टाकलं की आतली प्रत मूळ असल्यासारखी दिसते आणि काही जण तशी विकायचा प्रयत्न करतात. वाचायला ती प्रतिकृती फार छान आहे, फक्त मूळ अंकाचा भाव देऊ नका.

आता वाचायचं कसं ते. पहिल्या वाचनात तिसरा अंक सरळ पहिल्या पानापासून वाचा. गंमत म्हणजे या अंकात टीम एकत्र लढतच नाही. सगळे जेवायला जमतात आणि प्रत्येक जण आपापली एक हकीकत सांगतो. मध्येच जॉनी थंडर हा आणखी एक हिरो घुसतो. मा हंकल ही बाई डोक्यावर भांडं घालून 'रेड टॉर्नेडो' म्हणून येते आणि पँट फाटली म्हणून निघून जाते. ती टीमची सभासद नाही, पण सुपरहिरोच्या वेषात वावरणारी एक साधी गृहिणी 1940 मध्ये कुणी काढली होती, हे बघूनच मला फार बरं वाटतं. एकत्र कामगिरी सुरू होते चौथ्या अंकापासून. तिथून पुढची रचना ठरून गेली: सुरुवातीला बैठक, मग एकेकाचं स्वतंत्र प्रकरण, शेवटी सगळे एकत्र.

ही रचनाच आपल्या उपयोगाची आहे. दुसऱ्या वाचनाला एकच हिरो निवडा आणि प्रत्येक अंकातलं फक्त त्याचं प्रकरण वाचत पुढे जा. बाकीची पानं सरळ उलटा. पाच-सहा अंक असे वाचले की तो माणूस कसा वागतो, कुठे घाबरतो, लेखकाला त्याचं काय करायचं कळत नव्हतं आणि कधी कळलं, हे सगळं दिसायला लागतं. पूर्ण अंक एका दमात वाचताना हे हाती लागत नाही, कारण पुढच्या प्रकरणातला दुसरा हिरो आधीच्याला पुसून टाकतो.

कोल्हापूरच्या वाचकानं सुरुवात अॅटमपासून करावी असा माझा आग्रह आहे. नाव ऐकून अणुशक्ती वगैरे डोळ्यांसमोर येईल, पण 1940 च्या या अॅटमकडे तसलं काहीही नाही. अल प्रॅट नावाचा, जेमतेम पाच फूट उंचीचा कॉलेजचा पोरगा. पोरं चिडवतात, मैत्रिणीसमोर लुटारू गाठतो तेव्हा त्याला काही करता येत नाही. मग एका भुकेल्या, फाटक्या माणसाला तो जेवू घालतो. तो निघतो जो मॉर्गन, मुष्टियोद्ध्यांचा जुना प्रशिक्षक, आणि तो या पोराला वर्षभर घाम गाळायला लावून तयार करतो. गंगावेस तालमीत किंवा मोतीबागेत पहाटे लाल मातीत उतरणाऱ्या पोरांना ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही: वस्ताद, खुराक आणि मेहनत. जादू नाही, यंत्र नाही, परग्रह नाही. 1948 मध्ये त्याला अणूची ताकद देऊन टाकली, तेव्हा मला वाईट वाटलं. त्याआधीचा अॅटम वाचा. देवासारखा सर्वशक्तिमान स्पेक्टर आणि मंत्रशक्तीचा डॉक्टर फेट ज्या टेबलावर बसलेत, त्याच टेबलावर हा पोरगा नुसत्या अंगमेहनतीच्या जोरावर बसतो. लेखकाला त्याच्यासाठी प्रत्येक वेळी हाताच्या आवाक्यातलं संकट शोधावं लागतं, आणि म्हणून त्याची प्रकरणं जमिनीवर राहतात.

दुसरा माणूस डॉक्टर मिडनाइट. हा टीममध्ये आठव्या अंकात, 1941 च्या शेवटी येतो. फ्लॅश-लँटर्नच्या जाण्यानं आणि अवरमॅन बाहेर पडल्यानं जागा झाली, तेव्हा स्टारमॅनबरोबर हाही आला. चार्ल्स मॅक्निडर हा डॉक्टर एका साक्षीदारावर उपचार करत असताना गुंडांच्या स्फोटात त्याची दृष्टी जाते. एका रात्री खिडकीतून घुबड आत येऊन आदळतं. तो डोळ्यांवरची पट्टी काढतो आणि त्याला कळतं की आपल्याला अंधारात दिसतंय. उजेडात दिसण्यासाठी तो खास चष्मा बनवतो, आणि लढताना काळ्या धुराचे बॉम्ब फोडून सगळ्यांनाच अंधारात आणतो. त्या घुबडाला तो सांभाळतो, नाव ठेवतो हूटी. आंधळा सुपरहिरो म्हटलं की आजचे वाचक डेअरडेव्हिलचं नाव घेतात, पण तो आला 1964 मध्ये, मिडनाइट त्याच्या तेवीस वर्षं आधी. त्याची प्रकरणं वाचताना चौकटीत काळी शाई किती आहे ते बघत जा. धूर पसरला की आपल्याला कमी दिसायला लागतं आणि त्याला जास्त. हे नुसत्या शाईच्या वाटपातून सांगितलंय, शब्दांची गरज पडत नाही.

1945 च्या अखेरीस निघालेला सत्ताविसावा अंक मिळाला तर तो सोडू नका. त्या अंकाचा विषयच अपंग माणसांचं समाजातलं स्थान हा आहे. महायुद्धातून हातपाय गमावून सैनिक घरी येत होते, त्या काळात हा अंक मुलांच्या हाती पडला. टीममध्ये आंधळा डॉक्टर आधीपासून बसलेला आहे हे लक्षात ठेवून वाचलं की त्याचं वजन वाढतं.

सँडमॅन आणि अवरमॅन यांच्यावर थोडक्यात. सँडमॅन म्हणजे वेस्ली डॉड्स. डोक्यावर टोपी, तोंडावर गॅसचा मुखवटा, गुन्हेगारांना झोपवणारी गॅसची बंदूक. सुरुवातीचे अंकच वाचा, पुढे त्याला चारचौघांसारखा घट्ट पोशाख चढवला आणि त्याची दहशत गेली. अवरमॅन हा रसायनशास्त्रज्ञ गोळी घेतो आणि एक तास ताकदवान होतो. कल्पना उत्तम, पण टीममध्ये तो सातव्या अंकापर्यंतच टिकला. जॉनी थंडर मला फारसा भावला नाही. भाचे मंडळींना मात्र तोच आवडतो, म्हणून त्याला पूर्ण बाद करत नाही.

आता भिंग काढा. मूळ पानांच्या छायाप्रतीवरून छापलेली आवृत्ती असेल तर कुठल्याही चेहऱ्यावर भिंग धरा. गालाचा रंग म्हणजे पिवळ्यावर मॅजेन्टाचे बारीक ठिपके, दुसरं काही नाही. सायन, मॅजेन्टा, पिवळा आणि काळा, एवढ्यावर सगळी दुनिया उभी आहे. कुठे ओठांचा लाल रंग रेषेबाहेर सरकलेला दिसेल. आमच्याकडे म्हणतात, रजिस्टर हललंय. आर्काइव्हच्या गुळगुळीत कागदावर रंग नव्यानं भरलेले आहेत, तिथे ठिपके शोधू नका. तिथे रेषा बघा. सुरुवातीच्या अंकांत बहुतेक प्रकरणं त्या त्या हिरोच्या नेहमीच्या चित्रकारानं काढलेली आहेत, त्यामुळे एका अंकात पाच-सहा हात भेटतात. स्पेक्टर आणि अवरमॅन हे दोघेही बर्नार्ड बेलीचे. दोन्ही प्रकरणं शेजारी ठेवा आणि एकच माणूस भूत कसं काढतो आणि हाडामांसाचा रसायनशास्त्रज्ञ कसा काढतो ते बघा. रविवारी सकाळी कट्ट्यावर बसून पोरांना हे करायला दिलं तर तास कसा गेला कळत नाही. आमच्याकडे चित्रकाराचं नाव कागदानं झाकून ओळखायचा खेळ चालतो, आणि "मामा, हा बेलीच!" असा आरडाओरडा होतो.

मुलांबरोबर वाचणार असाल तर एक गोष्ट आधी स्वतः बघून ठेवा. युद्धकाळातल्या अंकांत जपानी माणसांची चित्रं हिणकस आहेत, बारावा अंक त्यातला ठळक. पानं लपवू नका, पण पोरांच्या शेजारी बसून वाचा आणि अशी चित्रं का काढली जात होती ते सांगा. तसंच वंडर वुमनचं. तिचं पहिलं दर्शन याच कॉमिकच्या आठव्या अंकात झालं. टीममध्ये मात्र ती चिटणीस. ती मंडळींपैकी कुणापेक्षाही कमी नसताना बहुतेक वेळा कागदपत्रं सांभाळायला मागे राहते. माझ्या भाचीनं यावर जो प्रश्न विचारला त्याला सरळ उत्तर द्यावं लागलं: हे चूकच होतं.

हे अंक ठेवायचे कसे, हा कोल्हापुरात खरा प्रश्न. जून ते सप्टेंबर हवा ओली, आणि 2019 चा पंचगंगेचा पूर ज्यांच्या घरात शिरला त्यांना वेगळं सांगायला नको. नदीकडच्या भागात राहत असाल तर अंक खालच्या कपाटात ठेवूच नका, पोटमाळ्यावर किंवा वरच्या फळीवर हलवा. जुना कॉमिकचा कागद म्हणजे न्यूजप्रिंट. लाकडाच्या लगद्यात आम्ल असतं, त्यामुळे तो आतूनच पिवळा पडून ठिसूळ होतो, आणि ऊन लागलं की हे झपाट्यानं होतं. प्रत्येक अंक पॉलिथिनच्या किंवा पॉलिप्रॉपिलिनच्या पिशवीत, मागे आम्लरहित पुठ्ठा घालून उभा ठेवा. वास येणारं मऊ पीव्हीसीचं प्लास्टिक नको, ते कालांतरानं पानांना चिकटतं. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पावसाळ्यात बदलत राहा. कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या ठेवायच्याच असतील तर कागदाला टेकणार नाहीत अशा. चिकटपट्टी लावून फाटलेलं पान जोडू नका, तिचा डाग पुन्हा जात नाही. पाच-सहा अंक एकत्र शिवून बाइंडिंग करायचा मोहही टाळा. शिवणीत आतला समास जातो आणि चौकटींच्या कडा कायमच्या झाकल्या जातात.

'ऑल स्टार' वाचत 57 व्या अंकापर्यंत, म्हणजे 1951 पर्यंत आलात की कॉमिकचं नाव बदलून 'ऑल स्टार वेस्टर्न' होतं आणि त्यात घोडेस्वार येतात. टीम नाहीशी होते. सगळ्या अंकांत जस्टिस सोसायटीच्या गोष्टीत हजर राहिलेला एकटा हॉकमन, हवं तर मागे जाऊन तपासा. पुढचा धागा मग 'द फ्लॅश' या कॉमिकमध्ये सापडतो. 1961 च्या 123 व्या अंकात नवा फ्लॅश जुन्याला भेटतो, आणि 1963 च्या 137 व्या अंकात व्हँडल सॅव्हेज या खलनायकानं कोंडून ठेवलेले जुने सभासद सुटतात. त्यात अॅटम आहे, डॉक्टर मिडनाइटही आहे. त्यानंतर त्याच वर्षीचे 'जस्टिस लीग ऑफ अमेरिका'चे 21 आणि 22 हे दोन अंक घ्या. जुनी आणि नवी टीम तिथे एकत्र येते, अॅटम आणि अवरमॅन दोघेही तिथे आहेत, आणि गोष्ट पुन्हा गार्डनर फॉक्सनंच लिहिली आहे.