चार्टर हायस्कूलचा 'शंभर टक्के' पडताळून बघा

अमेरिकेत मुलांसाठी चार्टर हायस्कूल (सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे चालणारी शाळा) बघताय आणि माहितीपत्रकावर '१०० टक्के कॉलेज प्रवेश' झळकतंय? हा आकडा बहुधा बारावीपर्यंत टिकलेल्यांचाच असतो. मधेच शाळा सोडलेले त्यात नसतात.

१. एनसीईएस या अमेरिकी सरकारच्या शिक्षण-आकडेवारी केंद्राच्या साइटवर टेबल जनरेटर (हवे ते आकडे तक्त्यात मांडून देणारं साधन) उघडून शाळा निवडा.
२. २०२०-२१ची नववी आणि २०२३-२४ची बारावी यांची पटसंख्या शेजारी मांडा. समजा १२०ची ७० झाली, तर बाकीची मुलं कुठे गेली हे शाळेला सरळ विचारा. वंशवार आकडेही बघा. गळती एकाच गटात असेल तर मी तरी दोनदा विचार करेन.
३. शेजारच्या डिस्ट्रिक्ट हायस्कूलशी (तिथल्या नेहमीच्या सरकारी शाळेशी) ताडा. थोडी गळती सगळीकडेच असते.

गरीब मुलांसाठीच्या मोफत शालेय जेवणाच्या आकड्यावरून मात्र गरिबी जोखू नका. काही शाळांत ते सरसकट सगळ्यांना मिळतं.