सुरिकाटाचे गंभीर इशारे वाझूमार्फत ईमेलवर कसे मिळवावेत

महापे एमआयडीसीतील आमच्या कार्यालयात सुरिकाटा हे घुसखोरी ओळखणारे सॉफ्टवेअर नेटवर्कवर लक्ष ठेवते आणि त्याच्या नोंदी वाझू हे सुरक्षा-देखरेखीचे सॉफ्टवेअर वाचते. रात्री डॅशबोर्डसमोर कोणी नसते, म्हणून गंभीर इशारा ईमेलने यावा यासाठी केलेली जुळणी येथे देत आहे.

वाझू स्वतः युजरनेम आणि पासवर्ड देऊन मेल सर्व्हरवर लॉगिन करू शकत नाही, त्यामुळे त्याच मशीनवर पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर बसवून मेल पुढे पाठवण्याचे काम त्याच्याकडे सोपवावे लागते. जीमेल वापरत असाल तर पोस्टफिक्सच्या रिलेहोस्ट या सेटिंगमध्ये जीमेलचा एसएमटीपी (मेल पाठवणारा) सर्व्हर आणि ५८७ हा पोर्ट लिहावा. खात्यावर टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करून १६ अक्षरी ॲप पासवर्ड घ्यावा आणि तो ज्या फाइलमध्ये ठेवाल तिची परवानगी ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) करावी. पुढे जाण्याआधी टर्मिनलवरून एक साधा मेल पाठवून पाहावा. तोच पोहोचला नाही, तर वाझूच्या सेटिंगमध्ये दोष शोधण्यात अर्थ नाही.

त्यानंतर वाझूच्या मुख्य कॉन्फिग फाइलमधील ग्लोबल विभागात ईमेल सूचना सुरू कराव्यात, सर्व्हर म्हणून लोकलहोस्ट (म्हणजे हेच मशीन) द्यावा आणि पाठवणारा व घेणारा यांचे पत्ते भरावेत. घेणारा पत्ता एका व्यक्तीचा नसून गटाचा असावा, कारण माणसे रजेवर जातात, नोकरीही सोडतात.

एवढे करून आम्ही निर्धास्त झालो होतो. एके दिवशी सकाळी डॅशबोर्ड उघडला, तेव्हा लेखा विभागातील एका संगणकाने पहाटे संशयास्पद सर्व्हरशी संपर्क साधल्याची नोंद दिसली. मेल मात्र आलेला नव्हता. वाझू मूळ सेटिंगनुसार १२ किंवा त्यावरच्या गांभीर्य-पातळीच्या इशाऱ्यालाच मेल पाठवतो आणि सुरिकाटाचा इशारा कितीही गंभीर असला तरी ८६६०१ या नियमाखाली त्याला पातळी ३ च मिळते. शिवाय सुरिकाटात १ म्हणजे सर्वांत गंभीर, तर वाझूत आकडा जितका मोठा तितके गांभीर्य अधिक. या उलट्या मोजणीमुळेही घोटाळा होतो.

मेलची मर्यादा ३ वर आणणे हा उपाय नव्हे, कारण मग मेलचा पूर येतो आणि लोक ते उघडेनासे होतात. त्याऐवजी लोकल रूल्सच्या फाइलमध्ये १००००० ते १२०००० यांमधील क्रमांक देऊन नवा नियम लिहावा, ८६६०१ हा त्याचा आधार ठेवावा आणि सुरिकाटाची सिव्हिरिटी (गांभीर्याचा आकडा) १ असेल तेव्हा पातळी १२ द्यावी. नंतर वाझू मॅनेजर रीस्टार्ट करावा. तासाला १२ मेलची मूळ मर्यादा आम्ही तशीच ठेवली आहे; त्यावरचे इशारे साठवून नंतर पाठवले जातात.

चाचणीसाठी सुरिकाटाच्या नजरेखालील मशीनवरून टेस्टमायएनआयडीएस या संकेतस्थळाचे चाचणी पान साध्या एचटीटीपीने मागवावे. त्यातून उठणाऱ्या इशाऱ्याची सिव्हिरिटी २ असते, म्हणून तेवढ्यापुरता नियमात २ हा आकडा घालावा आणि मेल हाती पडताच आठवणीने पुन्हा १ करावा.