मिरजेची कमान आणि फोटोतले उलटे दिवे: या चुका टाळा

अनंत चतुर्दशीच्या रात्री मिरजेत स्वागत कमानींखालून मिरवणूक पुढे सरकते. कमानीवर दिव्यांच्या माळा, वर काळंभोर आकाश. घरी येऊन फोटो मोठा करून पाहावा, तर त्या आकाशात फिकट हिरव्या ठिपक्यांची अख्खी रांग, तीही उलटी. माझ्या बाबतीत हे पहिल्यांदा झालं तेव्हा मी कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे फोटो टिपणारा आतला भाग, साफ करून घेतला. पुढच्या फोटोतही ठिपके तिथेच.

पहिली चूक: सेन्सरवर धूळ आहे असं समजणं

सेन्सरवरची धूळ फोटोत काळपट डाग म्हणून दिसते, तीही अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र) लहान केल्यावर आणि मोकळ्या आकाशात. रंगीत, चमकणारा ठिपका म्हणजे परावर्तन. सेन्सरवरची काच आणि खालचे पिक्सेल थोडा प्रकाश लेन्सकडे परत फेकतात. तिथून तो पुन्हा सेन्सरवर आला की ठिपका उमटतो.

दुसरी चूक: रात्रीही यूव्ही फिल्टर तसाच ठेवणं

यूव्ही फिल्टर म्हणजे लेन्सच्या रक्षणासाठी तिच्यापुढे लावलेली सपाट काच. सगळ्यात जास्त फोटो या एका सवयीने बिघडतात. सेन्सरवरून परतलेला प्रकाश लेन्समधून बाहेर पडतो, पुढच्या सपाट फिल्टरवर आपटतो आणि मागे फिरतो. फिल्टर सपाट असल्यामुळे तो पसरत नाही, सेन्सरवर पुन्हा नीट फोकस होतो, फक्त केंद्राच्या पलीकडे. म्हणून दिवा वर डावीकडे असेल तर त्याचं भूत खाली उजवीकडे सापडतं. चांगल्या कोटिंगचा (परावर्तन कमी करणाऱ्या थराचा) महागडा फिल्टरही ते फक्त फिकट करतो. आत आरसा असलेल्या डीएसएलआर कॅमेऱ्यांवरही हे व्हायचंच.

ओळखायची खूण सोपी आहे. व्ह्यूफाइंडरमध्ये पाहत कॅमेरा हळूच उजवीकडे फिरवा. दिवे डावीकडे सरकतील आणि ठिपके उजवीकडे. असं झालं की फिल्टर काढा आणि तिथल्या तिथे पुन्हा फोटो घ्या. गुलालाची भीती असेल तर गुलाल उधळताना फिल्टर लावा, कमानीचा फोटो घेताना काढा. एवढी तसदी घेण्यासारखी आहे, कारण घरी बसून ते ठिपके एकेक पुसायला फार वेळ जातो.

तिसरी चूक: हूडवर विसंबणं

हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडावर लावायचं आडोशाचं कडं, चौकटीबाहेरून येणारा तिरपा प्रकाश अडवतो. दिवा चौकटीतच असेल तर त्याचा उपयोग नाही.

चौथी चूक: सूर्याचा तारा हवा म्हणून एफ १६ वर जाणं

सांगलीच्या घाटावरून संध्याकाळी कृष्णेपलीकडे, सांगलीवाडीच्या बाजूला सूर्य उतरतो. १९२९ चा आयर्विन पूल चौकटीत घेऊन प्रत्येकाला सूर्याचा तारा, म्हणजे टोकदार किरण फुटलेला सूर्य, हवा असतो. पण एफ १६ वर, म्हणजे छिद्र फार लहान केल्यावर, कधी कधी सूर्याभोवती लाल-हिरव्या ठिपक्यांची जाळी उमटते. २४ मेगापिक्सेलच्या फुलफ्रेम (जुन्या फिल्मच्या चौकटीएवढ्या) सेन्सरवर पिक्सेल साधारण ६ मायक्रॉन अंतराने ओळीत बसवलेले असतात. इतकी नेमकी रचना प्रकाशाला ठराविक दिशांमध्ये फोडून परत पाठवते. लेन्सच्या मागच्या काचेवरून तो पुन्हा सेन्सरवर येतो. मिररलेसमध्ये, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात, ही काच सेन्सरच्या फार जवळ असू शकते: निकॉनच्या जुन्या एफ माउंटचं (लेन्स बसवायच्या कड्याचं) सेन्सरपासूनचं अंतर ४६.५ मिलिमीटर होतं, मिररलेसच्या झेड माउंटचं १६ आहे.

अ‍ॅपर्चर जितकं लहान, तितके हे ठिपके बारीक आणि ठळक होतात. एफ ५.६ ते ८ वर ते पसरून फिके पडतात. काही कॅमेरे फोटो घेईपर्यंत अ‍ॅपर्चर उघडंच ठेवतात, त्यामुळे जाळी आधी दिसतच नाही. प्रिव्ह्यूचं बटण दाबून पाहा.

पाचवी चूक: जुनी लेन्स अ‍ॅडॉप्टरवर लावून तिला दोष देणं

अ‍ॅडॉप्टर म्हणजे जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसवणारं मधलं कडं. फिल्मच्या काळातल्या बऱ्याच लेन्सच्या मागच्या काचेचं कोटिंग सेन्सरची चकाकी डोळ्यापुढे ठेवून केलेलं नाही. मधोमध धुरकट चकती येत असेल तर अ‍ॅपर्चर थोडं उघडा. मग अ‍ॅडॉप्टरच्या आत बॅटरी मारून पाहा. आतली बाजू चमकत असेल तर काळं मखमली कापड चिकटवा, मात्र त्याचे धागे सुटणार नाहीत याची खात्री करा.

मिरवणुकीतल्या लेसरबद्दल मात्र कळकळीने सांगतो. मिररलेसचा सेन्सर कॅमेरा चालू असताना बहुतेक वेळ उघडाच असतो. लेसर थेट लेन्समध्ये शिरला तर सेन्सर कायमचा जळू शकतो. तो झोत आपल्याकडे वळताना दिसला की कॅमेरा खाली करा आणि झाकण लावा. स्वतःचे डोळेही फिरवा.

आणि घाटावर तारा हवाच असेल तर ट्रायपॉड लावा, एक्स्पोजर मॅन्युअल ठेवा आणि दोन फोटो घ्या. पहिला सूर्यासकट, दुसरा लेन्ससमोर अंगठा धरून सूर्य झाकून. दुसऱ्यात ठिपके नसतात. संगणकावर मास्क करून, म्हणजे हवा तो भाग निवडून, तेवढा स्वच्छ भाग पहिल्या फोटोवर आणा. सूर्य भराभर उतरतो, म्हणून दोन्ही फोटो लागोपाठ घ्या.