मैलापाण्यावरचा झेंडू: दसऱ्याच्या लागवडीआधी खतं निवडताना

दसरा-दिवाळीच्या झेंडूची रोपं आता शेतात जातील. ज्यांची जमीन शहराच्या मैलापाण्यावर किंवा कारखान्यांच्या सांडपाण्याच्या ओढ्यावर भिजते, त्यांनी खतांची यादी करण्याआधी हे वाचावं. अशा जमिनीत कॅडमियम, शिसं, निकेल हे जड धातू साचत जातात. त्याची लक्षणं झेंडूवर दिसतात: शेंड्याची पानं पिवळी पण शिरा हिरव्या, रोप खुजं, आणि उपटून पाहिलं तर मुळं तपकिरी, आखूड, पांढरी तंतुमुळं जवळजवळ नाहीतच. लोहाची कमतरता समजून आपण फेरस सल्फेट फवारतो. पान हिरवं होतं, मुळाचं दुखणं तसंच राहतं.

कॅडमियम बऱ्याच अंशी जस्ताच्याच वाटेने मुळात शिरतं, म्हणून जस्त कमी पडू देऊ नका. लागवडीआधी एकरी 10 किलो झिंक सल्फेट शेणखतात मिसळून द्या. डीएपी या स्फुरदयुक्त खतासोबत मिसळू नका, जस्त स्फुरदाशी बांधलं जातं. उभ्या पिकात गरज पडली तर 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम झिंक सल्फेट आणि 25 ग्रॅम चुन्याची निवळी घेऊन फवारा.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते पोटॅशकडे. म्युरेट ऑफ पोटॅशमधलं क्लोराईड कॅडमियमला धरून मातीच्या पाण्यात विरघळलेलं ठेवतं, मग मुळं ते सहज ओढतात. अशा रानात सल्फेट ऑफ पोटॅशच वापरा. महाग पडतं हे खरं, पण इथे काटकसर नको. ईडीटीए चिलेटेड खतंही (ईडीटीए या धातू धरून ठेवणाऱ्या रसायनात बांधलेली सूक्ष्म अन्नद्रव्यं) ड्रिपमधून सोडू नका. शिशाला मोकळं करण्याची ताकद त्यांच्यात आहे. फवारणीतून चालतील.

काळ्या, चुनखडीच्या जमिनीत चुना टाकू नका, जस्त-लोह आणखी अडकेल. कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या मातीत मात्र माती तपासून दिलेला चुना धातूंना जखडतो. भाताच्या तुसाची राख मिळत असेल तर जरूर घाला, तिच्यातल्या सिलिकॉनने मुळांना बळ मिळतं.

खतांनी रोपाला आधार मिळतो, धातू जमिनीतून जात नाहीत. नेहमीच्या माती परीक्षणात शिसं-कॅडमियम येत नाही, प्रयोगशाळेत ती तपासणी वेगळी सांगावी लागते. मुळांना लागणाऱ्या सूत्रकृमींच्या बंदोबस्तासाठी आपण झेंडू जमिनीत गाडतो, तो या रानात गाडू नका. झाडं मुळासकट उपटून बाहेर काढा, जनावरांपुढे किंवा कंपोस्टमध्ये टाकू नका. त्यानंतर पालक-मेथीसारखी पालेभाजी तिथे घेऊ नका.