चार्टर वैमानिकांनो, व्हीएफआर उडताना या चुका टाळा

अमेरिकेत शिकून आलेला मुलगा इथे चार्टरला लागला की पहिली गफलत आकड्यांची होते. तिकडचे ‘तीन मैल’ त्याच्या डोक्यात पक्के बसलेले असतात. ते स्टॅट्यूट मैल, म्हणजे साधारण ४.८ किलोमीटर. आपल्याकडे १०,००० फुटांखाली व्हीएफआरला, म्हणजे नजरेच्या भरवशावरच्या उड्डाणाला, ५ किलोमीटर व्हिजिबिलिटी लागते. कंट्रोल्ड, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणाच्या (एटीसी) ताब्यातल्या हवाई क्षेत्रात ढगापासून आडवे १,५०० मीटर आणि वर-खाली १,००० फूट अंतर ठेवावे लागते. दोनशे मीटरांच्या फरकाने एक वेळ काही बिघडणार नाही. पण अमेरिकेत रात्रीही व्हीएफआर उडता येते, ही सवय इथे अंगाशी येते.

आपल्याकडे सूर्योदयाआधी २० मिनिटांपासून सूर्यास्तानंतर २० मिनिटांपर्यंतच मुभा आहे. सूर्यास्त कुठला धरायचा, यात भलेभले चुकतात. मुंबईपेक्षा गडचिरोलीत सूर्य जवळपास अर्धा तास आधी मावळतो. संध्याकाळी पूर्वेकडे निघताना मुंबईतल्या जुहू विमानतळाचा सूर्यास्त धरून हिशेब केलात, तर ती २० मिनिटे तुम्ही पोहोचण्याआधीच संपलेली असतात. जिथे उतरायचे तिथला सूर्यास्त धरा आणि त्यातून वाऱ्यामुळे होणारा उशीर वजा करा. मागे बसणाऱ्या नेत्याची सभा लांबल्यामुळे होणारा उशीरही वजा करा, कारण सभा लांबतेच.

आता घाटाकडे वळू, कारण महाराष्ट्रात व्हीएफआरची खरी परीक्षा तिथेच होते. जुहूचा मेटार, म्हणजे विमानतळाचा ताजा हवामान अहवाल, १,५०० फुटांवर ढग सांगतो. विमानतळाभोवतीच्या कंट्रोल झोनमधून निघायला किमान सीलिंग (ढगांच्या छताची उंची) तेवढेच लागते, म्हणजे कागदावर सगळे ठीक. पण मेटारमधली ढगांची उंची त्या विमानतळापासून मोजलेली असते आणि जुहू समुद्राला लागून आहे. लोणावळा साधारण २,००० फुटांवर. म्हणजे जुहूला ज्याला तुम्ही ‘छत’ म्हणता, तोच ढग बोरघाटाच्या माथ्यावर जमिनीला टेकलेला असतो. पुण्याचा मेटार चांगला असला तरी मधला डोंगर त्यात दिसत नाही. दोन्ही टोके उघडी आणि मधली खिंड बंद, हा पावसाळ्यातला नेहमीचा प्रकार. लोणावळ्यात ओळखीचा कोणी असेल तर सरळ फोन करून विचारा, ‘समोरचा डोंगर दिसतोय का?’ यात कमीपणा काही नाही.

पाऊस सरला की धुके असते. २ ऑक्टोबर २०२४ला सकाळी पुण्यात बावधनजवळ हेलिकॉप्टर पडले, त्यात तिघे गेले. गोल्फ कोर्सवरच्या हेलिपॅडवरून ते जुहूकडे निघाले होते. उड्डाणाला काही मिनिटेच झाली होती आणि परिसरात धुके होते.

स्पेशल व्हीएफआर, म्हणजे हवामान व्हीएफआरच्या मर्यादेखाली असताना उडण्याची सवलत, मिळाले म्हणजे पुढचा रस्ता मोकळा झाला, हा आणखी एक गैरसमज. ती सवलत एटीसी फक्त कंट्रोल झोनपुरती देते. झोन संपला की सवलत संपली.

लायसन्सवर इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे बाहेरचे न दिसता उपकरणांवर उडण्याची पात्रता, असलेल्यांची चूक वेगळी आणि जास्त महाग. ‘अडकलोच तर ढगातून वर जाऊ.’ २६ जानेवारी २०२० रोजी कॅलिफोर्नियात कॅलाबासासजवळ नेमके हेच झाले. बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंटसह नऊ जण गेले. वैमानिकाकडे रेटिंग होते, पण कंपनीला चार्टरची परवानगी फक्त व्हीएफआरची होती. चार हजार फुटांवर चढतोय असे तो एटीसीला सांगत होता, आणि त्याच वेळी हेलिकॉप्टर डावीकडे वळत वेगाने खाली येत होते. ढगात कानातला तोल फसवतो, शरीराला वळण सरळ वाटते. म्हणून रेटिंगपेक्षा आधी बघा की कंपनीच्या परवान्यात काय लिहिले आहे, आणि ढगात शिरण्याचा सराव शेवटचा कधी केला होता.

तात्पुरत्या हेलिपॅडच्या बाबतीत ‘मागच्या वेळी उतरलो होतो’ ही माहिती पुरत नाही. मे २०१७मध्ये निलंग्यात तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांचे हेलिकॉप्टर उडताच खाली आले आणि विजेच्या तारांत अडकले. सुदैवाने सगळे बचावले. तारा, खांब, फ्लेक्सच्या कमानी निघण्याआधी स्वतः चालत जाऊन बघा. मे महिन्यातल्या दुपारी मराठवाड्याच्या पठारावर हवा विरळ असते. त्यामुळे मॅन्युअलमधले कमाल वजन तिथे उपयोगाचे नाही, त्या तापमानाचा आणि उंचीचा तक्ता उघडावा लागतो. जास्तीचा एक कार्यकर्ता ऐन वेळी चढतो तो नेमका अशाच ठिकाणी.

इंधनाचे थोडक्यात. हेलिकॉप्टरसाठी व्हीएफआरचे २० मिनिटांचे राखीव इंधन हे शेवटचे राखीव आहे. मागे फिरण्याचे इंधन त्याच्या वर वेगळे धरा.

हेलिकॉप्टरला मोकळे रान दिसले की उतरता येते, तरी वैमानिक उतरत नाहीत, कारण मागे साहेब बसलेले असतात आणि साहेबांचे पीए दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत असतात. यावर मला एकच उपाय लागू पडलेला दिसतो. हवामान शंकास्पद असेल तर बुकिंगच्या वेळीच वाटेत एखाद्या ठिकाणी गाडी उभी ठेवायला सांगायची. ड्रायव्हर खाली थांबलाय हे माहीत असले की ‘इथेच उतरतोय’ हे शब्द तोंडातून लवकर निघतात.