तलावावरचा निवांत दिवस: कॅनो काढण्याआधी या चुका टाळा

नागपूरहून पूर्वेला निघालं की भंडाऱ्यापुढे गावागणिक तलाव लागतात. कोहळी समाजाने धानासाठी बांधलेले, कित्येक तर गोंड राजवटीपासूनचे. नवेगावबांध त्यातलाच एक मोठा. इतकं लांब जायचं नसेल तर सुमारे ५० किलोमीटरवर रामटेकचं खिंडसी आहे. हिवाळ्यात हे पाणी आरशासारखं पडून असतं. अशा पाण्यावर कॅनो, म्हणजे वल्ह्यांनी चालवायची लांबट उघडी होडी, किंवा हवा भरायची होडी घेऊन एक दिवस घालवावा, पक्षी पाहावेत, पाळीवर म्हणजे तलावाच्या बांधावर डबा सोडावा, असं आता बऱ्याच जणांच्या मनात येतं. जरूर जावं. मात्र सहल बिघडते ती बहुधा घरी बसून बेत आखतानाच: अंतर फार धरलेलं, निघणं उशिरा, आणि त्या तलावावर आधीपासून कोण राबतंय याची चौकशीच नाही.

दहा वाजता पाण्यात उतरणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. डिसेंबरअखेर आपल्याकडे सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो. रात्री जमीन थंड होते आणि तिच्यालगतची गार, जड हवा तशीच बसून राहते, म्हणून सकाळी पाणी हलत नाही. ऊन चढलं, जमीन तापली की वरची वाहती हवा खाली मिसळू लागते आणि साधारण दहा-अकराच्या पुढे वारा जाणवायला लागतो. किनाऱ्यावर तो सुखाचा वाटतो. उघड्या तलावात मात्र त्याला दोन-तीन किलोमीटर मोकळं पाणी मिळालं की लाटा उठतात, आणि त्या नेमक्या पलीकडच्या काठाला सगळ्यात मोठ्या असतात. कॅनोची बाजू पाण्यापासून जेमतेम वीतभर वर असते. तिला एवढं पुरेसं आहे.

त्यामुळे साडेसातपर्यंत होडी पाण्यात हवी. वाटेत तर्री पोह्यांसाठी थांबलात की तास जातो, मग होडी उतरवणं, हवा भरणं, कुणाचं तरी राहिलेलं सामान, आणि साडेदहा वाजतात. पोहे बांधून घ्या. धुकं असेल तर मात्र समोरचा काठ दिसेपर्यंत थांबा. ती घाई करण्यात अर्थ नाही.

आदल्या रात्री वाऱ्याचा अंदाज पाहा. वेगाइतकीच दिशाही महत्त्वाची. वारा ज्या बाजूने येणार, तिकडे आधी जायचं, म्हणजे दमल्यावर परतताना तो पाठीशी राहतो. उलट केलंत तर सकाळी मजेत गेलेले दोन किलोमीटर दुपारी संपता संपत नाहीत. मधून तलाव कापण्यापेक्षा काठाकाठाने जा. वळणं जास्त पडतात, पण पक्षी तिथेच असतात, सावली तिथेच असते आणि थांबावंसं वाटलं तर जमीन हाताशी असते.

अंतराचं गणित सोपं आहे. नवखी जोडी संथ पाण्यावर तासाला तीन किलोमीटरच्या आसपास जाते, पक्ष्यांपाशी थांबत गेली तर दोन. जाऊन-येऊन सहा किलोमीटर म्हणजे भरपूर झालं. मोबाईलवरच्या नकाशात अख्ख्या तलावाला फेरी मारणं सहज दिसतं. पहिल्या खेपेला त्या मोहात पडू नका. आणि फेब्रुवारीपुढे जात असाल तर विदर्भातल्या अवकाळीचा भरवसा धरू नका: गडगडाट ऐकू आला की त्याच क्षणी काठ गाठायचा, ढग अजून लांब आहे म्हणून थांबायचं नाही.

तलाव मोकळा पडलाय असं समजणं

एकही मोकळा नाही. लहान तलाव बहुधा जिल्हा परिषदेकडे, मोठे जलसंपदा विभागाकडे, मासेमारीचा हक्क ढीवर बांधवांच्या सहकारी संस्थेकडे, आणि कित्येक ठिकाणी त्याच पाण्यात शिंगाड्याची लागवड. नवेगाव १९७५ पासून राष्ट्रीय उद्यान आहे आणि २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात येतं. तिथे वनविभागाला विचारल्याशिवाय स्वतःची होडी काढायचीच नाही. पेंचच्या तोतलाडोह जलाशयाचंही तेच, आणि तिथे मगरीही आहेत. खिंडसीला पर्यटकांचं बोटिंग चालतं, त्यामुळे आपली होडी कुठून उतरवता येईल हे तिथल्या माणसांना आधी विचारावं लागतं. तिथे मोटारबोटीची लाट आली तर आडवे राहू नका, टोक लाटेकडे वळवा.

परवानगी मिळाली तरी पाळीवर पोहोचल्यावर पहिलं काम डोंगा घेऊन आलेल्या माणसाशी बोलणं. ‘भाऊ, जाळी कुठं कुठं लावली हायेत?’ एवढं विचारलंत की जाळ्यांसोबत तो बुडालेली खोडं सांगतो, कुठे गाळ आहे ते सांगतो, आणि ‘दुपारून हवा सुटन, लवकर वापस या’ हेही सांगतो. कुठल्याही ॲपपेक्षा त्या पाण्याची त्याला जास्त खबर असते. संस्थेच्या माणसाला दिवसाची मजुरी देऊन सोबत घेतलंत तर उत्तमच. मला तर हा खर्च लाईफ जॅकेटइतकाच गरजेचा वाटतो.

जाळी बहुधा संध्याकाळी लावतात आणि सकाळी काढतात, म्हणजे तुमच्या वेळेलाच ती पाण्यात असतात. थर्माकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या ओळीने तरंगताना दिसल्या की ती जाळ्याची वरची कड. तिला वळसा घाला. वल्हं अडकलंच तर ओढू नका, होडी मागे घ्या, दोरा सैल होऊ द्या आणि हाताने सोडवा. जाळं कापणं म्हणजे एखाद्या घराची कमाई कापणं आहे. शिंगाड्याच्या वेलीतूनही होडी घालू नका.

आणखी एक. तुडूम आणि सलंग, म्हणजे पाणी सोडायची जागा आणि सांडवा, यांच्यापासून लांब राहा. भरलेल्या तलावातून शेताला पाणी सुटलेलं असेल तर वरून काहीच दिसत नाही, पण तोंडाशी ओढ असते.

सकाळची वाट दुपारी असेलच असं धरणं

जलपर्णी मुळं रोवून बसत नाही, वाऱ्यासोबत सरकते. सकाळी ज्या फटीतून तुम्ही आत गेलात ती दुपारी बंद झालेली असू शकते. म्हणून जलपर्णीच्या पट्ट्यामागच्या खाडीत शिरण्याआधी दुसरी वाट आहे का ते पाहा. नसेल तर आत जाऊ नका. अडकलातच तर जोर लावून पुढे घुसू नका. पट्टा जिथे पातळ आहे तिथे टोक वळवा, पुढच्याने झाडं हाताने बाजूला दाबायची, मागच्याने आखूड वल्ही मारायची.

पाण्याखालच्या शेवाळी झाडोऱ्यात वल्हं जड झालं तर ते मागे ओढत नेऊ नका. पातं आडवं करून सुरीसारखं सरळ वर काढलं की वेल गळून पडतात. काठच्या पाण्यात माजलेल्या बेशरमाच्या झुडपांत तर घुसूच नका. काठाला बाभूळ असेल तर हवेच्या होडीला काटा लागणारच, त्यामुळे ठिगळाचं सामान आणि पंप काठावर नाही, होडीत हवा. ही होडी भर उन्हात ओढून ठेवलीत तर आतली हवा फुगते आणि शिवण उसवते. डबा खायला बसताना थोडी हवा सोडा, निघताना पुन्हा भरा.

जानेवारीपुढे पाणी उतरतं आणि धरणांमधली जुनी खोडं पृष्ठभागाच्या हातभर खाली येतात. होडी खोडावर चढली तर उठून उभं राहायचं नाही. दोघांनी बसल्या जागी थोडं मागे सरकायचं, म्हणजे पुढचं टोक हलकं होतं, आणि मग उलटं वल्हवायचं. गाळात रुतली तर ढकलायला खाली उतरू नका. या तलावांचा गाळ गुडघ्याच्या वर जातो आणि पाय निघता निघत नाही. वल्हं आडवं टेकून ढकला.

होडी सरळ जात नाही?

जवळजवळ प्रत्येकाला हा त्रास होतो आणि भांडणं इथेच होतात. पुढच्याने फक्त लय धरायची, दिशा मागच्याच्या हातात. दोघांनी वेगवेगळ्या बाजूंनी वल्हवायचं. जड माणूस मागे. तरीही मागचा डावीकडे वल्हवत असेल तर टोक उजवीकडे जाणार, कारण होडीचा गुणच तो. त्यावर उपाय असा: वल्हं कमरेपाशी आलं की वरच्या मुठीवरच्या हाताचा अंगठा खाली वळवायचा आणि पातं होडीपासून थोडं बाहेर ढकलायचं. जमेपर्यंत दर सात-आठ वल्ह्यांनी दोघांनी एकदम बाजू बदलावी.

समोरून वारा असताना टोक सारखं वळत असेल तर पुढचा भाग हलका आहे. पाण्याचे डबे, पिशव्या पुढे सरकवा. वारा पाठीशी असेल तर उलट, वजन मागे. आणि होडी डचमळायला लागली की सीटवरून खाली गुडघ्यांवर या. वजन खाली आलं की ती लगेच शांत होते. गुडघ्याखाली घालायला जुनी सतरंजी पुरते.

बाकीचं थोडक्यात

लाईफ जॅकेट अंगात, पट्टे आवळून. खांद्यांना धरून वर ओढलं तर हनुवटीपर्यंत येत असेल तर ते ढिलं आहे. जीन्स नको, भिजली की जड होते आणि थंडीच्या सकाळी वाळत नाही. कोरडे कपडे, मोबाईल आणि गाडीची किल्ली ड्राय बॅगमध्ये, म्हणजे पाणी न शिरणाऱ्या पिशवीत. माणशी तीन लिटर पाणी. डबा सोडण्याआधी झाडावर बघा: पाळीवरच्या मोठ्या झाडांना आग्या मोहोळ असतं. तिथे धूर नको, अत्तर नको, मोठ्याने गाणी नकोत. होडीजवळून दिवड पोहत गेली तर जाऊ द्या, ती बिनविषारी आहे. तिला पाहून उडी मारणारा माणूसच होडी उलटवतो.

पक्ष्यांबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण बरेच जण त्यांच्यासाठीच जातात आणि त्यांनाच उठवून येतात. चक्रवाक, थापट्या, तलवार बदक हजारो किलोमीटर उडून इथे हिवाळा काढायला येतात. फोटोसाठी थव्याकडे सरळ वल्हवत जाणं म्हणजे त्यांना पुन्हा पुन्हा उडायला लावणं. थव्यातल्या माना वर झाल्या की तीच तुमची हद्द. तिथेच वल्ही आडवी ठेवा आणि होडी आपोआप वाहू द्या. पक्षी स्वतःहून सैलावतात, कित्येकदा जवळही येतात. कमळाच्या पानांवर चालणारा कमळपक्षी असाच बघायला मिळतो. गोंदियाकडे सारस दिसला तर लांबूनच बघा. महाराष्ट्रात ते आता मोजकेच उरलेत.

उलटलीच तर

होडी सोडू नका. उलटी होडीही तरंगते आणि लांबून तीच दिसते. पोहता येतं म्हणून काठाकडे निघालेला माणूस झाडोऱ्यात अडकतो. आधी सगळ्यांची नावं घेऊन हाका मारा, होडीला धरून राहा, आणि काठ जवळ असेल तर तिच्यासकट पाय मारत जा. दुसरी होडी असेल तर तिच्या मधल्या भागावर उलटी होडी आडवी ओढून घ्यायची, पाणी सांडू द्यायचं, सुलटी करून पुन्हा पाण्यात सोडायची. हे आदल्या रविवारी पोहण्याच्या तलावात किंवा कमरेइतक्या पाण्यात एकदा करून बघा, कारण वाचून हात वळत नाहीत. बऱ्याच तलावांवर मोबाईलला रेंज नसते, त्यामुळे ११२ लावता येईलच असं नाही. कुठल्या तलावावर आहोत, कुठल्या बाजूने उतरलो आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर गावात कुणाला कळवायचं, हे घरी कागदावर लिहून ठेवा.